सातारा-सांगलीत फिरत राहून फ्रीलान्स लेखन: व्हॅन, मुक्काम, नेट आणि थकलेली बिलं

विश्रामबाग_लेखणी

नमस्कार मंडळी. पूर्णवेळ काम मराठी लेखन आणि इंग्रजी-मराठी अनुवादाचं आहे. बांधलेली गिऱ्हाइकं तीन: एका शेतीविषयक संकेतस्थळाला आठवड्याला दोन लेख (सोमवार आणि गुरुवार, सकाळी १० पर्यंत), एका शैक्षणिक प्रकाशनाचा अनुवाद, आणि महिन्याला एक-दोन ऑडिओ संहिता. सांगलीतली भाड्याची खोली दिवाळीनंतर सोडायची आणि वर्षभर सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतच फिरत राहायचं, असं चाललंय. जुनी व्हॅन घेऊन मागे झोपायची-लिहायची सोय करावी, असा विचार आहे. एकटीच असेन.

विचारायचं ते असं. व्हॅनमध्येच राहणं खरंच जमतं का, की मुक्कामाची खोली घेऊन फिरावं? लॅपटॉप रोज आठ तास चालवायला वीज किती लागते आणि ती कशी साठवायची? घाटातल्या गावांत नेटचं काय करायचं? आणि पायाखाली कायमचा पत्ता नसताना बिलं, कर, थकलेले पैसे हे कसं सांभाळायचं? वस्तूंची मापं, आकडे आणि कुठे अडतं ते सांगितलंत तर फार मदत होईल.

पाटणखोरे

ताई, व्हॅनचा विचार जरा बाजूला ठेवा आणि आधी कॅलेंडर मांडा. या कामाचं गणित किलोमीटरवर बसत नाही, मुक्कामाच्या दिवसांवर बसतं. गाव बदललं की तो दिवस लिखाणातून गेलाच. सामान आवरा, प्रवास करा, नव्या जागी पाणी-वीज-रेंज बघा, डब्याची सोय लावा. दुसऱ्या दिवशीही निम्मंच काम होतं. दर दोन-तीन दिवसांनी हलणाऱ्याच्या हातात आठवड्यातले दोन-तीन दिवसच धड उरतात, आणि पहिला फटका मुदतीला बसतो. मुक्काम किमान दहा दिवसांचा ठेवा, जमलं तर तीन आठवड्यांचा.

तुमच्या मुदती सोमवार-गुरुवार आहेत, म्हणजे हलायचा वार शुक्रवार. गुरुवारी लेख गेला, शुक्रवारी हललात, शनिवारी जागा बसवली, रविवारी सोमवारचा लेख संपवला. शुक्रवारी निघायचं ते सकाळीच. संध्याकाळी पुण्याकडची सुट्टीची गर्दी खंबाटकीपासून पसरणी घाटापर्यंत लागते. ऊस तोडणी सुरू असते तेव्हा, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, अंधारात गाडी चालवूच नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना रस्त्यावर असतात आणि समोरच्या गाडीच्या उजेडात ते शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत. कराड, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), पलूस, वाळवा या पट्ट्यात हे जास्त.

ऋतूंचा क्रम मेंढपाळांसारखा ठेवा. माणदेशातले धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन पश्चिमेला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर पूर्वेकडे परततात, कारण तिकडे पाऊस कमी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असल्यामुळे तुम्हाला दूर जायची गरजच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाटण, कोयनानगर, मेढा, बामणोली, वाई. मार्च-एप्रिलमध्ये पाचगणी-भिलारची बाजू, पण मे महिन्यात तिथले दर आणि गर्दी दोन्ही वाढतात, तेव्हा खाली वाईला किंवा साताऱ्यात उतरा. जून ते सप्टेंबर फलटण, विटा, आटपाडी, तासगाव. ऑक्टोबर कुठेही. पावसाळ्यात घाटमाथ्यावर राहून मुदतीची कामं घेणं मला पटत नाही. धुकं-पाऊस पाहायला चार दिवस जावं, मुक्काम टाकू नये.

कृष्णाकाठची गोष्ट वेगळी. जुलै-ऑगस्टमध्ये औदुंबर, हरिपूर, सांगलीची नदीकडची जुनी वस्ती इथे खोली घेत असाल तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी रोज बघायची. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि पातळी ३५ च्या पुढे सरकत असेल तर त्याच दिवशी विटा-तासगावच्या उंचावर जायचं. नंतर पाण्याआधी रस्ते बंद होतात. कोल्हापूरजवळ राष्ट्रीय महामार्गसुद्धा २०१९ आणि २०२१ ला बंद पडला होता.

आता जागा. घरगुती मुक्काम किंवा कृषी पर्यटनाची खोली घेताना महिन्याचा दर ठरवा आणि शनिवार-रविवार पर्यटक आले तर खोली बदलायची तयारी दाखवा. त्यावर दर बराच उतरतो. पैसे देण्याआधी खोलीत बसून चार गोष्टी तपासा. टेबल-खुर्ची आहे का (पलंगावर बसून आठवडाभर लिहिलं की मान आणि मनगट दोन्ही जातं, खुर्ची ४५ सेंटिमीटर आणि टेबल ७० ते ७५ हे माप धरा). प्लग टेबलाजवळ आहे का. दार बंद केल्यावर रेंज राहते का. आणि शेजारी मंगल कार्यालय किंवा जत्रेचं मैदान आहे का. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा असतात, त्यांच्या तारखा घरमालकाला विचारून कॅलेंडरवर मांडा. ऑडिओ संहितेचा नमुना रेकॉर्ड करून पाठवायचा असेल तर हे फार महत्त्वाचं. गोंदवले, औदुंबरसारख्या ठिकाणची भक्तनिवासं दर्शनाला येणाऱ्यांसाठी आहेत. तिथे ऑफिस थाटू नये.

आणि बसून काम करायला सर्वांत चांगली जागा कॅफे नव्हे, अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेच्या मुलांमुळे सातारा, कराडचं विद्यानगर, सांगलीचं विश्रामबाग, मिरज, इतकंच काय विटा-फलटणलाही अभ्यासिका आहेत. ठरलेलं टेबल, वायफाय, बऱ्याच ठिकाणी इन्व्हर्टर, आणि पूर्ण शांतता. महिन्याऐवजी पंधरा दिवसांची फी घेता का, एवढं विचारा. फोनवर बोलायला मात्र बाहेर यावं लागतं, म्हणून गिऱ्हाइकांचे कॉल एका ठरावीक तासात गोळा करा.

बारा_व्होल्ट

पाटणखोरे यांचं मुक्कामाचं म्हणणं बरोबर, पण व्हॅन अगदीच बाद करू नका. व्हॅन हे घर म्हणून अवघड आहे, ऑफिस म्हणून चांगलं आहे. ओळखीच्या अंगणात किंवा खोलीच्या दारात उभी राहिली की वीज गेल्यावरही काम थांबत नाही.

विजेचा हिशेब वॅट-तासात मांडा. साधा लॅपटॉप नुसत्या लिखाणाला २० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे आठ तासांचे १६०. फोन हॉटस्पॉटवर चालला की दिवसात दोनदा चार्ज, ३०. पाच वॅटचा दिवा चार तास, २०. बारा व्होल्टचा छोटा पंखा आठ तास, ८०. बेरीज २९०, तीनशे धरा. १२.८ व्होल्ट ५० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ६४० वॅट-तासांची असते, म्हणजे दोन दिवस निघतात. १०० ची घेतलीत तर चार दिवस, पण किंमत आणि वजन बघून ५० ची पुरे.

भरायची कशी? गाडी चालताना डीसी-डीसी चार्जरमधून, म्हणजे गाडीच्या विजेवरून दुसरी बॅटरी ठरावीक करंटने भरणाऱ्या डब्यातून. २० अँपिअरचा चार्जर तासाला साधारण २५० वॅट-तास भरतो, म्हणजे एक-सव्वा तासाचा प्रवास आणि एका दिवसाचं काम असा हिशेब. गाडीची मूळ बॅटरी आणि लिथियम बॅटरी नुसत्या वायरीने जोडू नका. लिथियम रिकामी असली की जमेल तितका करंट ओढते आणि अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) तापून जळू शकतो. वायरीत सगळे चुकतात. व्हॅनच्या पुढून मागे तीन मीटर, जाऊन-येऊन सहा. घरातली २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर २० अँपिअरला पाऊण व्होल्टच्या वर घट येते आणि चार्जर वारंवार बंद पडतो. १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाका, घट ०.२ वर येते. ३० अँपिअरचा फ्यूज मूळ बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत, आणि तसाच दुसरा लिथियमच्या टोकाला. दोन्ही टोकांना करंटचा साठा आहे, त्यामुळे वायर मध्ये कुठे घासली तर आग दोन्हीकडून लागू शकते.

छतावर १०० वॅटचं पॅनल टाकलंत तर कोरड्या दिवसांत पूर्वेकडे रोज ३०० वॅट-तासांच्या आसपास मिळतात. पण सपाट पडलेल्या पॅनलवर उसाच्या रस्त्याची धूळ बसते, आठवड्याला पुसायचं. पावसाळ्यात त्यावर भरवसा नको.

इन्व्हर्टर घेऊच नका. लॅपटॉप टाइप-सीने चार्ज होत असेल तर ६५ वॅटचा बारा व्होल्टवर चालणारा चार्जर थेट लावा. बारा व्होल्टचे २३० करून पुन्हा २० व्होल्ट करण्यात पाचवा हिस्सा वीज वाया जाते. इंजिन बंद असताना गाडीच्या मूळ बॅटरीवर लॅपटॉप लावू नका. ती सुरू करण्यापुरती बनवलेली असते, १२.२ व्होल्टच्या खाली दोन-चार वेळा गेली की कायमची कमजोर होते आणि सकाळी पाटणच्या थंडीत इंजिन फिरत नाही.

व्हॅन घेणार नसाल तर यातलं काहीच नको. २०,००० एमएएचची टाइप-सी पॉवरबँक म्हणजे ७४ वॅट-तास, हातात येतात साठेक. लॅपटॉप एकदा भरतो. अशा दोन घ्या, लॅपटॉपची स्वतःची बॅटरी धरून एक दिवस निघतो. विकत घेताना ६५ वॅट टाइप-सी आउटपुट आहे का ते बघा. २२ वॅटवाली लॅपटॉप चालू असताना त्याला पोसू शकत नाही.

उन्हाळ्यात बंद गाडीत लॅपटॉप, पॉवरबँक ठेवून जेवायला जाऊ नका. म्हसवड-जतच्या उन्हात आतलं तापमान पंचावन्नच्या पुढे जातं. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. पावसाळ्यात उलट त्रास: लॅपटॉप रात्री झिपच्या जाड पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

मागच्या सीट काढून कायमचा पलंग ठोकू नका. आरसी बुकातली आसनसंख्या बदलली की आरटीओची मंजुरी लागते, आणि मंजुरीविना बदल केलेल्या गाडीचा विमा अपघातात अडकतो. सीटवर ठेवता येईल अशी १८ मिलिमीटर प्लायवूडची सुटी फळी करा, दिवसा तीच टेबल. व्हॅनमध्ये गॅस पेटवू नका. स्वयंपाक दार उघडून बाहेर. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चाळकेवाडी_वारा

नेटचं लिहितो. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम एवढं सगळे सांगतात; त्यापुढचं कुणी सांगत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' आणि मग 'सिम स्टेटस' इथे सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका बरा. दांड्यांवर विश्वास ठेवू नका, हा आकडा बघा. उणे ९० किंवा त्याहून बरा असेल तर व्हिडिओ कॉल चालेल. उणे १०५ पर्यंत मेल, फाइल, आवाजी कॉल. उणे ११५ च्या पलीकडे लेख पाठवायचासुद्धा धोका. खोली घेताना दोन्ही सिमचा आकडा टेबलाजवळ, खिडकीत आणि अंगणात बघा. जाड दगडी भिंत आणि पत्र्याखाली दहा-पंधरा अंकांनी घसरतो. अशा घरात फोन खिडकीत ठेवून हॉटस्पॉट चालवायचा. लॅपटॉप आत असला तरी चालतं.

घाटाच्या अगदी टोकावर रेंज भरपूर दिसते पण काम होत नाही, कारण फोनला दूरदूरचे अनेक टॉवर दिसतात आणि तो सारखा या टॉवरवरून त्यावर उड्या मारतो. थोडं उतरून, एका बाजूला डोंगराची आड घेऊन बसा. बामणोली-तापोळा आणि चांदोलीच्या बाजूला आतल्या गावांत रेंजचा भरवसा धरू नका. कासच्या बाजूला राहात असाल तर यवतेश्वर उतरून साताऱ्याला यायला साधारण पाऊण-एक तास हाताशी ठेवा.

पावसाळ्यात वीज गेली की आधी घरातली जाते, मग काही तासांनी टॉवरची बॅटरी संपते आणि नेटही जातं. तुमची पॉवरबँक भरलेली असून उपयोग नाही. म्हणून सकाळी १० च्या मुदतीचा लेख आदल्या संध्याकाळी ७ पर्यंत मेलमध्ये चढवायचा. जीमेलमध्ये पाठवायची वेळ लावून ठेवता येते, आणि नेट असताना लावली तर नंतर फोन-लॅपटॉप बंद असला तरी मेल वेळेवर जाते. नेट नसताना लावली तर नेट येईपर्यंत ती तुमच्याच मशीनवर पडून राहते, याचं भान ठेवा.

लिहायला नेट लागत नाही, अशी बसवणूक करा. मराठी टायपिंग ब्राउझरमधल्या साधनावर असेल तर आजच सोडा. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड आहेत, भाषा सेटिंगमधून जोडले की विनानेट चालतात. गुगल डॉक्स वापरत असाल तर ऑफलाइनची सोय निघण्याआधी प्रत्येक मशीनवर चालू करावी लागते, आणि एकच फाइल फोनवर व लॅपटॉपवर विनानेट उघडून दोन्हीकडे बदल करू नयेत. दीड हजार शब्दांचा मराठी मजकूर जेमतेम तीस केबी भरतो, डेटा लेखाने संपत नाही. तो संपतो विंडोजच्या अपडेटने. हॉटस्पॉटच्या जोडणीला 'मीटर्ड' अशी खूण करा, अपडेट थांबतात.

प्रत रोज तीन जागी: लॅपटॉप, पेनड्राइव्ह, आणि मेल किंवा क्लाउड. पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत नको, अंगावर हवा. बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येतो ते सिम कधीही डोंगलमध्ये घालू नका. जिथे त्या कंपनीची रेंज नाही तिथे पैसे देणं-घेणं ठप्प होतं.

विश्रामबाग_लेखणी

एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. व्हॅन लगेच नको, आधी खोली-अभ्यासिका, असं दिसतंय. आता पैशांचं कुणी सांगेल का? दोन गिऱ्हाइकांकडून ९० दिवसांच्या वर बिलं थकली आहेत. आणि फिरताना इथलंच काही लिखाणाचं काम मिळू शकतं का?

जमाखर्च

ताई, पत्ता आधी. फिरत असलात तरी कागदावर एकच पत्ता ठेवा, आई-वडिलांचा किंवा भावाचा. पॅन, आधार, बँक, उद्यम, सगळीकडे तोच. लॉजचा पत्ता कुठेही देऊ नका.

थकलेल्या बिलांवरचा उपाय म्हणजे उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडे लहान उद्योग म्हणून नाव नोंदवणं. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर ती फुकट होते. पैसे मागणारी संकेतस्थळं वेगळी, त्यांच्या नादी लागू नका. सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उद्योगात बसते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याने खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. तक्रार एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर. पण नोंदणी काम देण्याच्या आधीची लागते, जुन्या बिलांना मागून लावता येत नाही. म्हणून आजच करा.

याहून लवकर काम करणारी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाचा आयकर. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि बिल संपादकाबरोबरच लेखा विभागालाही पाठवा. संपादक विसरतो, मार्च जवळ आला की लेखा विभाग विसरत नाही. आताच्या थकलेल्या दोन बिलांसाठी प्रत्येक बिलाची तारीख, रक्कम आणि लेख पोचल्याची मेल जोडून एकच पत्र लिहा, पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि तोवर नवं काम थांबवलं आहे हे त्यातच सांगा.

दर ठरवताना फिरण्याचे दिवस वजा करा. महिन्यातले ४ दिवस हलण्यात, ४ सुट्टीचे, ५ बिलं-पत्रव्यवहार-नवी कामं शोधण्यात. उरले १७. दिवसाला तपासून पक्के १,२०० शब्द धरले तर २०,४००. खर्च ३२,००० असेल आणि पाचवा हिस्सा कर व रिकाम्या महिन्यांसाठी बाजूला टाकायचा असेल तर यायला हवेत ४०,०००. म्हणजे शब्दाला दोन रुपयांच्या खालचं काम तुम्हाला फिरताना परवडत नाही. तुमचे स्वतःचे आकडे घालून बघा. अनुवादाचा दर मात्र मूळ इंग्रजी मजकुराच्या शब्दांवर ठरवा. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहितो, त्यामुळे तोच मजकूर कमी शब्दांत भरतो आणि पैसे कमी मिळतात.

एका गिऱ्हाइकाकडून वर्षात ५०,००० च्या वर व्यावसायिक शुल्क झालं की ते १० टक्के टीडीएस कापतात (ही मर्यादा एप्रिल २०२५ पासून, त्याआधी ३०,००० होती). कापलेले पैसे आयकर पोर्टलवरच्या तुमच्या करविवरणात (२६एएस) दिसतात का हे दर तीन महिन्यांनी बघा. गिऱ्हाइकाने कापून भरलेच नाहीत तर तेव्हाच विचारता येतं. टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा त्याहून जास्त कर उरत असेल तर आगाऊ कर भरायचा. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांपर्यंत लागत नाही.

करारात एवढं असू द्या: मोठ्या कामाला ३० ते ५० टक्के आगाऊ, दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या, काम मध्येच रद्द झालं तर झालेल्या भागाचे पैसे, आणि कोणते हक्क दिले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. ऑडिओ संहितेला हे नीट वाचून सही करा. 'सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' असं असेल तर दर त्या मानाने मागा.

छापखाना_तासगाव

इथल्या कामाबद्दल. आपल्या दोन जिल्ह्यांत साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ, विकास सोसायट्या भरपूर. प्रत्येकाची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते आणि सभेआधी अहवाल सभासदांना पोचवायचा असतो. म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत अहवाल, अध्यक्षांचं मनोगत, श्रद्धांजली, योजनांची माहिती लिहून हवी असते. हे लिहिणारी माणसं कमी आहेत आणि पैसे वेळेवर मिळतात, कारण सभेची तारीख हलत नाही. पावसाळ्यात तुम्ही पूर्वेकडेच असणार, तेव्हा हे जुळतं. शिवाय शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आणि दिवाळी अंक. दिवाळी अंकाचे लेख जुलै-ऑगस्टमध्ये मागितले जातात. मानधन थोडं, पण नाव होतं. संस्थेकडे जाण्यापेक्षा आधी छापखान्यात जा. कुणाचा अहवाल अडलाय हे छापखान्याला पहिलं कळतं.

इथे फॉन्टचं लचांड आहे. डीटीपी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत चालतं. तुमचा युनिकोड मजकूर कन्व्हर्टरमधून जातो आणि ठरावीक ठिकाणी फुटतो. सर्वांत जास्त फुटतो तो रफार आणि पहिली वेलांटी एकाच अक्षरावर आली की, म्हणजे 'वार्षिक', 'आर्थिक'. जुन्या फॉन्टांत त्या जोडीचा बऱ्याचदा एकच खिळा असतो, कन्व्हर्टरला तो सापडत नाही. आणि हे दोन शब्द अहवालात पानोपानी. त्यानंतर 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' मधला ऱ्य, मग 'ॲप', 'बँक', 'ऑडिट'. पहिलं प्रूफ आलं की पूर्ण वाचण्याआधी हे शब्द शोधा. दोन ठिकाणी फुटलेले दिसले तर प्रूफ परत करा, दुरुस्त होऊन आल्यावरच वाचायला घ्या. ताळेबंदाचे आकडे लेखकाने टाइप करायचे नाहीत. ते संस्थेच्या लेखापरीक्षकाच्या फाइलमधूनच उचलायचे, कारण एक शून्य हललं तर जबाबदारी कुणाची यावर वाद होतो.

फोटोंच्या ओळी, संचालकांची नावं आणि पदं सचिवांकडून कागदावर सही घेऊनच छापायला द्या. नाव चुकलं तर सगळा अहवाल चुकला, असं धरतात.

औंध_रहिमतपूर

ताई, एकट्या बाईने फिरताना लागणारं थोडं. पहिल्या सहा महिन्यांत एसटीने फिरा. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. 'आवडेल तेथे प्रवास'चा चार आणि सात दिवसांचा पास असतो, पण दहा दिवसांनी एकदा हलणार असाल तर तो घेऊन उपयोग नाही. रेल्वेने जाणार असाल तर सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे आहे आणि कराडचं ओगलेवाडीला. दोन्हीकडे रात्री उतरायचं टाळा, रिक्षा मिळेलच असं नाही.

सामान दोन पिशव्यांत बसेल एवढंच. लॅपटॉप, चार्जर, पॉवरबँक, कागदपत्रांच्या प्रती ही पिशवी मांडीवर. एसटीच्या वरच्या कप्प्यात किंवा मागच्या डिकीत कधीच नाही. लॅपटॉपचा दुसरा चार्जर कपड्यांच्या पिशवीत ठेवा. आटपाडीत तो मिळत नाही आणि कुरिअर यायला तीन दिवस जातात.

पुढे व्हॅन घेतलीत तरी रात्री उघड्यावर थांबू नका. कास पठार, कोयना आणि चांदोलीचा भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. कोयना-चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे परवानगीशिवाय रात्री गाडी लावता येत नाही. घरगुती मुक्कामवाल्यांना विचारलं तर अंगणात गाडी, संडास-बाथरूम आणि दोन वेळचं जेवण एवढ्याचा वेगळा दर लावतात. बाई घरात असलेलं कुटुंब बघा आणि पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगा की सकाळी ९ ते १ दार बंद असेल, ते लिहायचे तास आहेत. हे आधी सांगितलं नाही तर पाहुणी म्हणून दर अर्ध्या तासाला चहा येतो आणि नाही म्हणवत नाही.

विश्रामबाग_लेखणी

उद्यम नोंदणी आज करते आणि थकलेल्या बिलांची पत्रं उद्या. दिवाळीनंतर पहिला मुक्काम पाटण की मेढा?

पाटणखोरे

पाटण. कराड जवळ आहे, एसटी वारंवार आहे, लॅपटॉप बिघडला तर दुरुस्ती कराडला होते, आणि विद्यानगरची अभ्यासिका हाताशी. मेढ्याला जानेवारीत जा. खोली बघायला बुधवारी-गुरुवारी या, शनिवारी सगळीकडे पर्यटकांचा दर सांगतात. येताना दोन्ही सिम घेऊन या आणि आकडा बघूनच पैसे द्या.